निळ्या बिल्ल्यांची डुकरं

माणिकबाई ढोरे कोणाला फारशी किंमत देत नसे. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना बोरगाव मंजूच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की एका ट्रस्टचं प्राणी संशोधन केंद्र लागतं. तिथे ती सोळा वर्षं परिचर होती. जनावरांना चारा-पाणी करायचं, कोठे, म्हणजे जनावरांचे गोठे, धुवायचे, ऑपरेशन झालेल्या जनावरापाशी ते शुद्धीवर येईपर्यंत बसायचं, हे तिचं काम. नवा डॉक्टर रुजू झाला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची. पांढरे बूट दिसले की हातातला झाडू न थांबवता म्हणायची, "हा कोठ्यात नाई येत. हा फोटूपुरता येईन."

सहसा तसंच व्हायचं.

ती चांदूर बाजारची. तिचा बाप गुरांच्या बाजारात इतरांची जनावरं पारखून द्यायचा. सुतळीचा तुकडा घेऊन गोऱ्ह्याच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजायचा आणि वजन सांगायचा; दोन-चार किलोचा फरक पडला तर पडला. माणिकबाईने ते लहानपणीच उचललं. पुढे नवरा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर मिळाला, आणि तो गेल्यावर त्याच्या ओळखीने हे काम. केंद्रात आधी बकऱ्या होत्या, मग मेंढ्या, शेवटी डुकरं आली. डुकरं आली तशी अकोल्यात डाबकी रोडवरच्या तिच्या गल्लीतल्या बायकांनी तिला भजनाला बोलावणं बंद केलं. तिने एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डुकरायले धुतलं तं स्वच्छ तरी होतात बाप्पा. तुमच्या तोंडाले काय लावू?" त्यानंतर तो विषय तिच्यापुरता संपला.

डुकरांवरच्या त्या मोठ्या कामाचं तिला समजावून सांगितलं ते रागिणी काळमेघ या तरुण पशुवैद्य मुलीने. माणसाच्या पोटातून, कण्याला लागून, अंगठ्याएवढी जाड रक्तवाहिनी खाली जाते. उतारवयात ती कधी एखाद्या ठिकाणी सैल पडते आणि जुन्या ट्यूबसारखी फुगायला लागते. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस फुटते, आणि फुटली की बहुतेक माणसं दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत. त्या फुग्याची वाढ थांबवणारं एक इंजेक्शन एका औषध कंपनीने काढलं होतं. ते आधी डुकरांवर करून बघायचं होतं, कारण डुकराची ती नळी माणसाच्या नळीशी पुष्कळ मिळतीजुळती असते.

"अन् डुकरायले होते काय हे बिमारी?" माणिकबाईने विचारलं.

"नाही ना मावशी. त्यांना ती आपण करायची. पोट उघडून नळीच्या तेवढ्या भागात थोडा वेळ एक द्रावण कोंडायचं. ते आतून भिंत पोखरतं, मग ती फुगते."

"म्हनजे चांगल्या जनावराले पयले बिमार करा, मंग औषध द्या, अन् बरं झालं म्हून टाळ्या वाजवा. इतका शिकून हा धंदा काय?"

रागिणी चिडली नाही. "सरळ माणसाच्या पोटात करून बघायचं का मग?" एवढंच म्हणाली. माणिकबाई बादली उचलून निघून गेली.

बारा डुकरं आली. सहा जणांच्या कानात निळे बिल्ले, सहांच्या पिवळे. एका रंगाला औषध आणि दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. कोणत्या रंगाला काय, हे कोठ्यातल्या कोणाला कळू द्यायचं नाही असा नियम होता. या नियमाची माणिकबाईला फार गंमत वाटे. रोज सकाळी अमोल नावाचा तंत्रज्ञ सगळ्यांना सुया टोचून जायचा. आठ दिवसांत निळ्या बिल्ल्यांची डुकरं गव्हाणीत अर्धंअधिक खाणं टाकायला लागली. तोंडाला फेस यायचा, कोपऱ्यात तोंड खुपसून पडून राहायची. पिवळ्यांनी मात्र गव्हाणी चाटून लख्ख केलेल्या असायच्या. "गुपित म्हनते," ती उष्टं बादलीत ओतता ओतता म्हणायची, "उकिरड्यावरच्या कुत्र्यायलेबी मालूम आहे तुमचं गुपित."

पोळ्याच्या सुमारास वजनाच्या काट्याची वायर उंदरांनी कुरतडली. दुरुस्तीचा अर्ज गेला, त्यावर शेरा पडला, आणि काटा कोपऱ्यात पडून राहिला. तरी संगणकात दर सोमवारी बाराही डुकरांची वजनं भरली जात होती. डुक्कर आठवड्याला किती वाढतं याचा पुस्तकात तक्ता असतो; अमोल त्यातले आकडे थोडे इकडचे तिकडे करून टाकत होता. माणिकबाईने एकदा त्याला विचारलं, "काहून बे, हवेत वजन करून राह्यला काय?" तो हसून म्हणाला, "मावशी, रकाना रिकामा राह्यला की साहेब कावते."

तिने आपली जुनी रीत काढली. गोदामातून सुतळी आणली, प्रत्येक डुकराला एक दोरी ठरवली आणि दर सोमवारी, ते खाण्यात गुंतलं असताना, छातीभोवती दोरी फिरवून जिथे टोक येईल तिथे गाठ मारली. बारा दोऱ्या गोदामातल्या खिळ्यांना टांगलेल्या असत. हे कोणी सांगितलं नव्हतं. जनावर हाताखाली आहे आणि त्याचं वजन माहीत नाही, याची तिला लाज वाटे, इतकंच. दोन महिन्यांनी पिवळ्यांच्या दोऱ्यांवर गाठी बोटबोट अंतराने पुढे सरकल्या होत्या. निळ्यांच्या गाठी एकीवर एक बसल्या होत्या.

केंद्राचे प्रमुख डॉ. कुलदीप गावंडे. पोटाच्या सोनोग्राफीत निळ्या डुकरांचे फुगे पिवळ्यांपेक्षा बरेच लहान दिसले आणि साहेबांना दम निघेना. काम पुरं व्हायच्या आतच त्यांनी अमरावतीच्या एका पत्रकाराला बोलावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा डुकराशेजारी नाकाला रुमाल लावून उभा फोटो, आणि खाली, ऑपरेशनशिवाय इलाज लवकरच वऱ्हाडातून.

ती बातमी चांदूर बाजारला माणिकबाईच्या थोरल्या भावाने, खुशालरावाने, वाचली. एकाहत्तर वर्षांचा माणूस, संत्र्याचा बगीचा, तिन्ही त्रिकाळ बिडी. मूतखड्यासाठी अमरावतीला सोनोग्राफी केली तेव्हा त्याच्या पोटात हाच फुगा निघाला होता, साडेपाच सेंटिमीटरच्या वर. नागपूरच्या डॉक्टरांनी महिन्याच्या आत इलाज करून घ्या म्हणून सांगितलं होतं. तारीखसुद्धा ठरली होती. बातमी वाचली आणि खुशालराव म्हणाला, आता जात नाही.

वहिनीचा, वच्छलाबाईचा, फोन आला तशी माणिकबाई रविवारी चांदूर बाजारला गेली. खुशालराव ओसरीवर बसला होता. बातमीचं कात्रण खिशातच होतं.

"माणके, तुया हापिसातच निंगालं म्हनते औषध. मंग मी नागपूरले जाऊन काहून कापून घेऊ?"

"दादा, ते औषध घेतलेली डुकरं म्या पाह्यली. खात नाईत, उठत नाईत. तू पाह्यशीन तं शत्रूलेबी देनार नाई."

"तू झाडू मारतं. तुले काय समजते? एवढा मोठा डाक्टर खोटं बोलीन काय पेपरात?"

वच्छलाबाई दारातून म्हणाली, "सांगा त्याइले. मायं तं ऐकतच नाईत."

माणिकबाईला भावाचा असा राग आला की ती जेवायलाही थांबली नाही. एसटीत खिडकीशी बसून परतवाड्याकडून येणाऱ्या गाड्या बघत ती मनात साहेबाला शिव्या घालत राहिली. भावाला काय म्हणायचं? तो तर लहानपणापासून पेपरात छापलेलं खरं मानत आला होता. पण ज्याने छापायला लावलं, त्याने एकदा तरी गव्हाणीत वाकून बघितलं होतं का?

सोमवारी ती गमबूट न काढता साहेबांच्या खोलीत शिरली.

"सायेब, तुमची निळी डुकरं उपाशी आहेत. औषधानं त्याइची भूक मेली. वाढलीच नाईत, तं नळी कुठून वाढीन?"

गावंड्यांनी आधी तिच्या बुटांकडे, मग फरशीकडे बघितलं. "माणिकबाई, निळ्यांना औषध आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"उष्ट्यानं सांगतलं."

"वजनं संगणकात आहेत. सगळी सारखी वाढली आहेत. तुम्ही खरकटं काढा, विज्ञान आम्ही बघतो."

"खरकटंच तं दाखवून राह्यली तुमाले," ती म्हणाली. पण साहेबांनी फोन उचलला होता.

मग ती रागिणीकडे गेली. बारा दोऱ्या तिच्या टेबलावर ओतल्या. रागिणीला आधी हसू आलं. मग तिने एक निळ्याची आणि एक पिवळ्याची दोरी शेजारी शेजारी धरली आणि तिचं हसू गेलं. तिने बोरगावच्या जिनिंगवाल्याकडून कापसाचा काटा मागून आणला. पिंजऱ्यात घालून बाराही डुकरं मोजली. निळी डुकरं पिवळ्यांपेक्षा सरासरी बावीस किलोंनी कमी निघाली. रागिणीने सोनोग्राफीची सगळी चित्रं पुन्हा काढली आणि या खेपेला फुग्याच्या वरची, द्रावण न लागलेली, धडधाकट नळी मोजली. निळ्यांची तीसुद्धा तेवढ्याच मानाने बारीक होती.

"मावशी," ती सावकाश म्हणाली, "फुगा लहान नाही झालेला. डुक्करच लहान आहे."

"मंग मी काय बोंबलून राह्यली इतक्या दिसांपासून?"

पंधरा दिवसांनी कंपनीकडून एक बाई आल्या. केस पिकलेले, पायात साध्या चपला. आयुष्यभर रक्तवाहिन्यांचीच ऑपरेशनं केलेल्या. बैठकीत गावंडे साहेबांनी पडद्यावर रंगीत रेघा दाखवल्या. रागिणी उभी राहिली. तिने दोऱ्यांसकट सगळं सांगितलं. साहेब हसून म्हणाले, "दोरीला गाठी मारणं याला शास्त्र म्हणत नाहीत, डॉक्टर."

पिकल्या केसांच्या बाईंनी कागद चाळले. "काटा भाद्रपदापासून बंद आहे असा तुमचाच अर्ज आहे. मग ही वजनं कशावर केली?"

आकडे पुस्तकातल्या तक्त्यावरून टाकल्याचं अमोलने कबूल केलं. साहेबांनी रकाने भरायला सांगितलं होतं, तेही त्याच दमात सांगून मोकळा झाला. मग बाईंनी माणिकबाईला आत बोलावलं आणि एकेक दोरी हातात घेऊन बघितली. कोणती गाठ कधीची, खाणं किती उरायचं, फेस कधी यायचा, सगळं विचारलं. सोळा वर्षांत तिला कोणी इतकं विचारलं नव्हतं. तरी ती विरघळली नाही.

"आता तुम्हाला काय वाटतं? हे नीट बघायचं तर कसं बघावं?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय पाहाचं? पिवळ्यायलेबी तितकंच खाऊ घाला ना. निळ्यानं जितकं खाल्लं तितकंच मोजून त्याच्या जोडीदाराले. दोघंबी सारखे उपाशी. मंग दिसते कोनाचा फुगा किती."

बाई गावंड्यांकडे वळल्या. "हे असंच करायचं," म्हणाल्या. "नवी डुकरं, नवा काटा."

साहेबांची बातमी खोटी पडल्याचं कोणत्याच पेपराने छापलं नाही. म्हणून माणिकबाईने चांदूर बाजारला जाऊन ते स्वतः सांगितलं, ओसरीवर उभं राहून, शेजारपाजार गोळा होईपर्यंत. खुशालराव शरमेनेच नागपूरला जायला तयार झाला. जायच्या आदल्या दिवशी तिने रागिणीला विचारलं, की तिथे ते नेमकं काय करणार. जांघेतून आत जाऊन फुगलेल्या भागात कापडाचं अस्तर असलेली जाळीची नळी बसवतात, म्हणजे रक्ताचा जोर फुग्यावर येत नाही, असं रागिणीने सांगितलं.

"ते जाळीबी पयले जनावरातच टाकून पाह्यली असन?"

"हो. अशा गोष्टी कुत्र्यांत, मेंढ्यांत, डुकरांत, वासरांत बघतात. कितीतरी वर्षं."

"मंग तिथं कोनीतरी नीट मोजलं असन," माणिकबाई म्हणाली. एवढ्या वर्षांत डॉक्टर मंडळींबद्दल तिच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य.

खुशालरावाला पाचव्या दिवशी घरी सोडलं.

दुसऱ्या खेपेचं काम मात्र तिला जड गेलं. पुन्हा बारा डुकरं, पुन्हा निळे-पिवळे. निळ्यांची भूक मेलेली, त्यांना काही वाटत नव्हतं. पिवळी डुकरं धडधाकट होती आणि त्यांना अर्ध्या पोटी ठेवायचं होतं. गव्हाणीत मोजून टाकलेलं खाणं दोन मिनिटांत संपायचं आणि मग ती दाराच्या गजांना तोंड घासून किंचाळत राहायची. तिची चाहूल लागली की आणखी जोराने. हे तिनेच सुचवलेलं होतं. घरी भाकरी मोडताना तो आवाज कानात यायचा. रागिणीने एकदा म्हटलं, अमोलला देऊ का हे काम? तर ती खेकसली, "तो मुठीनं जास्ती टाकीन. त्याले मोजता येत नाई अन् कीव येते. म्याच सांगतलं, म्याच करीन. आता मीबी तुमच्यातलीच झाली."

दहा आठवड्यांनी निकाल लागला. निळ्यांचे आणि पिवळ्यांचे फुगे सारखेच. औषध भूक मारत होतं, बाकी काही करत नव्हतं. कंपनीने ते गुंडाळून ठेवलं.

शेवटच्या दिवशी बाराही डुकरांना कायमची झोप द्यायची होती; नळ्या काढून काचेच्या बरण्यांत ठेवायच्या होत्या. केंद्राच्या कागदांत याला बलिदान म्हणतात. या शब्दाने माणिकबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "बलिदान करनाऱ्याले मालूम तं पायजे काहून करून राह्यलो," ती म्हणाली. "मारून राह्यले, तं मारतो म्हना." त्या सकाळी तिने कोणाला न विचारता पिवळ्या सहांच्या गव्हाणी काठोकाठ भरल्या. रागिणीच्या लक्षात आलं; भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं. तिने त्या सहांची पाळी सायंकाळवर ढकलली. प्रत्येक वेळी माणिकबाई डुकराच्या कानामागे हात ठेवून त्याच्या डोक्याशी उकिडवी बसली, सुई बाहेर येईपर्यंत. बारा वेळा बसली.

त्यानंतर अमरावतीला डॉक्टरांची परिषद भरली. केंद्रातली सगळी माणसं गाडी करून नेली होती. गावंडे साहेबांनी तीच कथा सांगितली. वजनाच्या फरकाने असे प्रयोग कसे फसवू शकतात, आणि जोडीजोडीने सारखं खाऊ घालायची पद्धत "आमच्या चमूला" कशी सुचली. बंद काट्याचं नाव नाही. टाळ्या झाल्या, शाल आली, श्रीफळ आलं.

"चमू म्हनजे कोन?" शेवटच्या रांगेतून माणिकबाईने रागिणीला विचारलं.

"आपण सगळे," रागिणी ओशाळून म्हणाली.

"बाप्पा! मंग शाल त्यानं एकट्यानंच काहून आंगावर घेतली? थंडी वाजून राह्यली काय?" पुढच्या दोन रांगांनी मागे वळून बघितलं. तिने त्यांच्याकडेही बघितलं.

वर्षभरात ती निवृत्त झाली. निरोप समारंभ नको म्हणून तिने त्या दिवशी रजा टाकली. महिन्याभराने रागिणी डाबकी रोडवर तिचं घर शोधत आली. त्या कामाचा लेख एका परदेशी मासिकात छापून आला होता. वर नऊ नावं होती. गावंडे साहेबांचं पहिलं, अमोलचं आठवं. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, रागिणीने भांडून घालायला लावलेली. त्यात माणिकबाई ढोरे हे नाव पूर्ण होतं. वजनातला दोष त्यांनी प्रथम दाखवला आणि जोडीने खाऊ घालण्याची सूचना त्यांची, असं लिहिलं होतं. रागिणीने ती ओळ मराठीत करून दोनदा वाचून दाखवली.

माणिकबाईने कागद हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे मायं नाव?"

"हो, हेच."

"मुंगीएवढं लिवलं." तिने कागद परत दिला. "सायबाले सांग, निदान खरं लिवलं म्हना. बस, पोहे टाकते."

रागिणी बसली. समोरच्या घरातली बाई पडद्याआडून बघत होती, की या डुकरंवालीकडे गाडी घेऊन कोण आलं. माणिकबाईने आतूनच दार सताड उघडं टाकायला सांगितलं, म्हणजे समोरचीला मान वाकडी करायला नको, आणि मग ती कांदा चिरायला बसली.